वीस दिवसांचा हिशेब

पत्र इकडे दे. आत काय लिहिलंय ते मागाहून, आधी तारीख बघू दे. नऊ तारीख. तुझ्या हातात कधी पडलं? पंधराला. आणि आज बावीस. म्हणजे सात दिवस हे पत्र तूरडाळीच्या डब्यामागे होतं आणि नवऱ्यालासुद्धा तू काल रात्री सांगितलंस. बरं. रागवत नाहीये मी. माझ्याकडे येणारी बहुतेक माणसं हेच करून आलेली असतात. कुणी देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवतं, कुणी गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्ये. ट्रॅफिकचं तिकीट आपण खुशाल फ्रिजवर लावतो, हे मात्र लपवतो, कारण यात आपल्या आईपणाला नाव ठेवलेलं असतं. पण त्या बालसंरक्षण खात्याला तुझी लाज दिसत नाही गं, तारीख दिसते. इथे न्यू जर्सीत अशा निकालावर अपील मागायला वीस दिवस असतात. कोणी म्हणतं, पत्र मिळालं त्या दिवसापासून मोजा. आपण पत्रावरच्या तारखेपासून मोजायचं. दिवस कमी धरले तर बिघडत काही नाही, जास्त धरले तर सगळंच बिघडतं. नऊ आणि वीस, एकोणतीस. सात दिवस उरलेत. पुष्कळ झाले. चहा घे.

मी वकील नाही, हे पहिल्यांदाच सांगून ठेवते. वीसएक वर्षं एका वकिलाच्या ऑफिसात फायली लावल्या, टपाल नोंदलं, फोन घेतले. आमचे साहेब आता नाहीत. त्यांच्या तोंडून जे कानावर पडलं आणि कागदांतून जे दिसलं, ते देते. कोणाची केस, कोणाचं काय झालं, ते विचारू नकोस. ते माझ्याबरोबरच जाईल. आणि माझं ऐकून वकील टाळायचा नाही. माझं ऐकायचं ते वकिलाकडे रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून.

आता वाच. मोठ्याने वाच. ‘दुर्लक्ष’ लिहिलंय आणि पुढे एक शब्द आहे, तो कोणता? सब्स्टॅन्शिएटेड. साहेब म्हणायचे, पानभर मजकूर नंतर, आधी हा एक शब्द. 2013 पासून या राज्यात तपासाचा शेवट चारांपैकी एका शब्दात होतो. त्याआधी दोनच होते. अनफाउंडेड म्हणजे तक्रारीत तथ्य सापडलं नाही. नॉट एस्टॅब्लिश्ड म्हणजे सिद्ध झालं नाही, पण मुलाला इजा किंवा धोका झाल्याचा काहीतरी पुरावा दिसतो. एस्टॅब्लिश्ड म्हणजे सिद्ध झालं, पण परिस्थिती पाहता सगळ्यात वरच्या पायरीचं नाही. आणि सब्स्टॅन्शिएटेड म्हणजे सिद्ध झालं आणि गंभीरही धरलं. या चौथ्या शब्दाने नाव राज्याच्या रजिस्ट्रीत जातं आणि तिथेच राहतं. पाच-दहा वर्षांनी आपोआप पुसलं जात नाही. शेजारणीला ते बघता येत नाही, तेवढी काळजी सोड. पण डेकेअरमध्ये नोकरी मागितलीस, मूल दत्तक घ्यायला गेलीस, की तपासणी होते आणि तिथे ते निघतं. एस्टॅब्लिश्ड त्या तपासणीत बाहेर येत नाही, खात्याच्या दप्तरात मात्र असतं. तू बालवाडीच्या शिक्षिकेचा कोर्स करते आहेस ना? मग तुला ही पायरी चढायची की उतरायची, ते तूच ठरव.

म्हणून पहिली गोष्ट अशी, की अपील म्हणजे ‘मी काहीच केलं नाही’ असं ओरडणं नव्हे. तीन निरनिराळी म्हणणी असू शकतात. एक, असं घडलंच नाही. दोन, घडलं, पण कायदा ज्याला दुर्लक्ष म्हणतो ते हे नाही. तीन, झालं असेल, पण हा शब्द फार मोठा लावला. आपली माणसं तिन्ही एका दमात बोलतात आणि ऐकणाऱ्याला एकही खरं वाटत नाही. तुझं म्हणणं दुसरं आहे, आणि ते टिकलं नाही तर तिसरं. पहिलं नाही. ते मनातून काढून टाक.

कारण तू केलंस ते केलंस. तीन वर्षांचं पोर मागच्या सीटवर झोपलेलं, ओक ट्री रोडला गाडी लावली, दार लॉक केलं आणि कढीपत्ता घ्यायला आत गेलीस. मला ते मुळीच आवडलेलं नाही, तुझी आई असती तर तिनेही कान उपटला असता. पण मला न आवडणं वेगळं, चूक वेगळी आणि कायद्याचं दुर्लक्ष वेगळं. या राज्याचा कायदा विचारतो की आई-बापाने काळजीची किमान पातळी तरी पाळली का. आणि राज्याच्या सुप्रीम कोर्टाने 1999 मध्येच सांगून ठेवलंय की नुसता निष्काळजीपणा पुरत नाही, धोका ठाऊक असून बेफिकीर वागणं, अगदी ढळढळीत हयगय लागते. आता तुझं वागणं या रेघेच्या अलीकडे की पलीकडे, ते मी नाही ठरवत. ते ठरवणाऱ्यासमोर सगळा प्रसंग गेला पाहिजे, एवढंच.

आणि तो जावा यासाठी एक बाई आपल्या आधी भांडून गेलीय. इथून हाकेच्या अंतरावर, साउथ प्लेनफील्डला. मे 2009. एकोणीस महिन्यांचं मूल गाडीत झोपलेलं, गाडी चालू, दारं लॉक, आई दुकानात. दहाएक मिनिटांत परत. तोवर पोलीस आलेले. खात्याने तिच्यावर हाच शब्द लावला. तिने सुनावणी मागितली तर मिळाली नाही, कागद बघूनच निकाल कायम झाला. 2014 मध्ये अपिलेट डिव्हिजननेही तिला परत पाठवलं. ती थांबली नाही. ऑगस्ट 2015 मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की मूल गाडीत एकटं ठेवलं म्हणजे आपोआप दुर्लक्ष, असं होत नाही. किती वेळ, किती लांब, कसली हवा, काय परिस्थिती, हे सगळं बघावं लागेल आणि त्यासाठी तिला सुनावणी द्यावी लागेल. कोर्टाच्या कागदावर तिचं नाव नाही, नुसती आद्याक्षरं आहेत. या केसेसमध्ये असंच असतं. नाव छापून येईल म्हणून तू घाबरतेस ना, तर हे ऐकून ठेव. आणि नीट ऐक, त्या निकालात तिने केलं ते योग्य होतं असं कुठेही म्हटलेलं नाही. सहा वर्षं भांडून तिला मिळालं काय, तर आपलं म्हणणं जजसमोर मांडायची संधी. तुला ती वीस दिवसांत पत्र टाकून मागायची आहे.

म्हणून आजच्या आज त्या दिवसाचा कागद गोळा करायला लाग. दुकानाचं बिल कुठाय? त्यावर वेळ असते. रोख पैसे नव्हते ना दिलेस? कार्डाचं स्टेटमेंट काढ. हवा कशी होती? ऑक्टोबरचा दिवस, तापमान किती, ढग की ऊन, ते हवामान खात्याच्या नोंदीतून निघतं. गाडी कुठे उभी होती आणि दुकानाच्या काचेतून दिसत होती का? नवऱ्याला पाठव, त्याच जागेवर गाडी लावायला सांग आणि काउंटरपाशी उभं राहून फोटो काढायला सांग. पावलं मोजायची, हसू नकोस. दुकानात कॅमेरे असतील तर मालकाला आजच चिठ्ठी दे. चित्रीकरण फार दिवस ठेवत नाहीत, वरून नवं चढतं. दुसऱ्या दिवशी मुलाला डॉक्टरकडे दाखवलं होतंस, हे उत्तम केलंस. त्या भेटीचा कागद माग.

आणि आता त्या पाच मिनिटांबद्दल. केसवर्कर घरी आली तेव्हा तू काय म्हणालीस? ‘पाच मिनिटांत आले.’ अगं, मराठी माणसाची पाच मिनिटं ही काही घड्याळातली पाच मिनिटं असतात? पाच मिनिटांत निघते म्हणणारी आपली बाई अजून कुंकू लावत असते. पण तिने वहीत पाच लिहिले आणि पोलिसांच्या नोंदीत बारा आले. झालं, तू एक तर खोटारडी, नाही तर तुला वेळेचं भान नाही. सात मिनिटांच्या फरकाने कोणाचा निकाल लागत नाही, पण त्या फरकाने तुझ्या बाकीच्या खऱ्या वाक्यांवरचा विश्वास उडतो. इथून पुढे आकडा तोंडातून काढायचा तो बिल बघून. माहीत नसेल तर ‘नक्की आठवत नाही’ म्हणायचं. ते म्हणणं गुन्हा नाही.

भाषेचं एवढ्यासाठीच सांगते की आपली बरीच माणसं तिथेच अडकतात. ‘मारलं’ हा आपला एकच शब्द. टपलीलाही तोच आणि पट्ट्यालाही तोच. ‘तंगडं मोडीन’ म्हणणाऱ्या आजीने आयुष्यात मुंगीलाही बोट लावलेलं नसतं, पण ते वाक्य नातवाने शाळेत इंग्रजीत सांगून बघ. सुनावणीला दुभाष्या मागायचा, आणि मराठीचा मागायचा. हिंदी चालेल म्हणून हो म्हणायचं नाही. तुझं इंग्रजी कामापुरतं फर्डं आहे, मान्य. घाबरलेल्या आईचं इंग्रजी वेगळं असतं. आणि मोठ्या मुलीला कधीही, कशासाठीही, मधे दुभाषी करायचं नाही.

तिच्यावरून आठवलं. शाळेत तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, आई भावाला नेहमी गाडीत ठेवते. ऑलवेज. सात वर्षांच्या पोरीला जेवायला रोज भेंडीच असते आणि तिला नेहमीच ओरडा बसतो. पण त्या एका शब्दाचं वजन समजून घे. असं पूर्वीही घडत होतं, सवयच होती, असं दिसलं तर निकाल वरच्या पायरीकडे सरकतो. एकदाच घडलं, एरवीच्या वागण्याशी न जुळणारं होतं, असं दिसलं तर खाली. म्हणून ‘नेहमी’ला उत्तर द्यावं लागेल. कायद्यात त्याची सोय आहे: मुलाने आधी कुणाला सांगितलेलं पुराव्यात येऊ शकतं, पण त्याला दुजोरा देणारं दुसरं काहीच नसेल तर नुसत्या त्या बोलण्यावर निकाल टिकत नाही. वकिलाला हे वाक्य दाखव. पोरीला मात्र घरी बसवून ‘तू असं का सांगितलंस’ विचारायचं नाही. काय बोलायचं ते पढवायचं तर मुळीच नाही. पढवलेलं मूल अनोळखी माणसासमोर पहिल्या मिनिटात उघडं पडतं, आणि मग तुझी बारा मिनिटं बाजूला राहून हेच मोठं होतं. तिला भीती वाटत असेल की तिच्या बोलण्यामुळे घरात रडारड झाली. आज रात्री जवळ घेऊन सांग की तिने काही चुकीचं केलेलं नाही. हे अपिलासाठी नाही, असंच सांगते.

वर-खाली सरकणारी आणखी वजनं आहेत, ती नियमांत लिहिलेली आहेत. मुलाचं वय लहान, हे तुझ्या विरुद्ध जाईल. तीन वर्षं लहानच. मुलावर परिणाम नगण्य किंवा काहीच नाही, हे तुझ्या बाजूने. त्याला डॉक्टरचा कागद. त्या वेळी घरावर तात्पुरता, नेहमीपेक्षा वेगळा ताण होता, हेही बाजूने. सासूबाईंचा व्हिसा संपून त्या त्याच आठवड्यात परत गेल्या, नवरा क्लायंटकडे टेक्सासात. तिकिटं काढून ठेव, दोघांचीही. हे सगळं सबबीसारखं वाटतं ना तुला सांगताना? सासूबाईंनंतर हात तोकडे पडले हे सांगण्यात सबब काय आहे. आणि चौथं, तपास संपायच्या आत तू स्वतःहून काय सुधारलंस. तपास साधारण साठ दिवसांत संपवायचा असतो. तेवढ्यात तू वाचनालयातला पालकांचा वर्ग केलास, वाणसामान घरपोच मागवायला लागलीस. सर्टिफिकेट आहे? त्या ऑर्डरींच्या तारखा आहेत? बघ, हे आपण कौतुकाने कुणाला सांगत नाही, पण फायलीत हे हवंच.

पोलिसांनी दिलेला समन्स कोर्टात रद्द झाला, म्हणून तुला वाटलं सगळं मिटलं आणि हे पत्र म्हणजे मागची शेपूट. बऱ्याच जणांना तसं वाटतं. ही दोन वेगळी दारं आहेत. फौजदारी कोर्टात सरकारला गुन्हा संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. इथे ‘झालं नसण्यापेक्षा झालं असण्याची शक्यता जास्त’ एवढं पुरतं. तिथे सुटलेला माणूस इथे अडकू शकतो. तिसरंही दार आहे, फॅमिली कोर्टाचं. खात्याने तिथे केस घातली असती तर निवाडा तिथल्या जजने केला असता आणि हा रस्ता राहिला नसता. तुझ्या बाबतीत तसं नाही. उलटही लक्षात ठेव: फौजदारीत ‘चला, छोटंसं कबूल करून टाकू, दंड भरून मोकळे’ असा सल्ला कोणी दिला, तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय मान हलवायची नाही. खात्याचा निकाल म्हणजे गुन्ह्याची शिक्षा नव्हे. पण मुलाच्या छळाच्या किंवा दुर्लक्षाच्या गुन्ह्यात दोषी ठरणं हे अमेरिकेतून बाहेर काढण्याचं कारण होऊ शकतं. तुम्ही दोघं अजून एच-वनवर. तुझा समन्स रद्द झाला ते नशीब.

तक्रारीचा फोन कोणी केला, याचा शोध सोड. तुला वाटतं खालच्या मजल्यावरची. मला वाटतं रस्त्यावरून जाणारा कोणीतरी. या राज्यात मुलाबद्दल शंका आली तर कळवणं हे डॉक्टर-शिक्षकांवरच नाही, प्रत्येकावर कायद्याने बंधनकारक आहे, आणि कळवणाऱ्याचं नाव तुला मिळणार नाही. फाइल हाती येईल तेव्हा ते काळं केलेलं असेल. समज कळलंच, तर काय करणार आहेस? हळदीकुंकवाला बोलवायचं नाही, एवढंच ना. त्या भानगडीत शेजारणीशी बोलाचाली झाली की ती उद्या साक्षीदार होते. आणि खरं सांगू का, अनोळखी गाडीत एकटं पोर दिसलं असतं तर मीही थांबले असते.

केसवर्करवरचा रागही तसाच. चोवीस तासांच्या आत दार ठोठावणं तिचं काम, ते तिने केलं. तिच्याविरुद्ध पानं भरलीस तर वाचणाऱ्याला कंटाळा येईल आणि तुझी बारा मिनिटं सापडायचीच नाहीत. भांडायचं ते निकालाशी. त्यासाठी फाइल लागेल: तिच्या नोंदी, फोटो, डॉक्टरशी आणि शाळेशी झालेली बोलणी. सुनावणीच्या आधी ती मागायचा हक्क आहे, वकील मागेल. आली की एका बसणीत वाचून रडू नको. तीन रंग घे. जे खरं आहे त्यावर एक रंग, चुकीचं आहे त्यावर दुसरा, आणि जे कोणीतरी कोणाकडून ऐकलेलं आहे त्यावर तिसरा. तिसरा रंग बहुधा बराच निघतो. या सुनावणीत ऐकीव गोष्ट पुरावा म्हणून आत येऊ शकते, पण सगळा डोलारा ऐकीव गोष्टीवरच उभा राहू शकत नाही; खाली कुठेतरी पक्का पुरावा लागतो. साहेबांच्या कपाटात हायलायटर खोक्याने असायचे. ऐकीव गोष्टींचा गुलाबी सगळ्यात आधी संपायचा.

सुनावणी कुठे होते? खात्यात नाही, वेगळ्या कार्यालयात, ऑफिस ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह लॉमध्ये. तिथला जज खात्याचा नोकर नसतो. राज्याच्या बाजूने डेप्युटी अ‍ॅटर्नी जनरल उभा राहतो, म्हणजे समोर वकील असणार हे गृहीतच धर. सिद्ध करण्याचं ओझं खात्यावर, तुझ्यावर नाही. तारीख यायला महिने लागतात. त्या महिन्यांत समोरून तडजोडीचा प्रस्ताव येऊ शकतो: वरची पायरी सोडू, खालची घ्या. तेव्हा अभिमान आडवा आणू नको, आणि घाईने हो पण म्हणू नको. तुझ्या बालवाडीच्या नोकरीला कोणता शब्द आडवा येतो, एवढं एकच विचार. जजने दिलेला निर्णय हा शेवटचा नसतो, तो खात्याच्या प्रमुखाकडे जातो. त्यावर हरकती घ्यायच्या तर तेरा दिवसांत. प्रमुखाला पंचेचाळीस दिवस. तो मान्य करतो, बदलतो किंवा फिरवतो. मग अपिलेट डिव्हिजन, तिथे जायला पुन्हा पंचेचाळीस. हे आकडे आत्ता पाठ करू नको. फ्रिजवर लाव. त्या ट्रॅफिकच्या तिकिटाशेजारी.

वकील असा बघ, ज्याने ही सुनावणी लढवलेली आहे. घराचे कागद करून देणारा, मंडळाच्या गणपतीत भेटणारा, स्वभावाने फार चांगला असलेला, हे सगळे पुढच्या वर्षीच्या गणपतीला. पैशाची अडचण असेल आणि उत्पन्न मर्यादेत बसत असेल, तर लीगल सर्व्हिसेस ऑफ न्यू जर्सीकडे विचारता येतं; तुमच्या दोन पगारांत बसणार नाही, पण तुझी ती मैत्रीण, नवरा सोडून गेलेली, तिला सांगून ठेव. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर यातलं एक अक्षर लिहायचं नाही. माहेरच्या ग्रुपवरसुद्धा. परवा तुझी बहीण मला नॉर्वेवरचा तो राणी मुखर्जीचा सिनेमा सांगत बसली होती. तो नॉर्वे, हे न्यू जर्सी. तिथला कायदा वेगळा. सिनेमा बघून रड हवं तेवढं, पण अपील त्यावरून लिहू नको.

हे तुझं नाही, पण जावेला सांग, ती बाळंत होणार आहे. आपल्या बाळांच्या कमरेवर, ढुंगणावर जन्मतः निळसर डाग असतात, आपल्याला त्याचं काही वाटत नाही. ज्यांनी ते पाहिलेले नसतात त्यांना ती मारहाणीची निळी वळं वाटू शकतात. पहिल्याच भेटीत डॉक्टरला दाखवून बाळाच्या फायलीत लिहून घ्यायचे. आणि तिच्या नवऱ्याला सांग, धपाट्यांची भाषा इथे आणू नको. शाळेत मारायला या राज्यात 1867 पासून बंदी आहे. घरी आई-बापाच्या बाबतीत कायदा ‘अतिरेकी’ शारीरिक शिक्षा म्हणतो, आणि 2011 मध्ये सोळा वर्षांच्या मुलीला सावत्र आईने तोंडात मारल्याच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने तो अतिरेक मानला नाही, हे खरं. पण त्या घराला सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं. एका थोबाडीतीसाठी एवढी पायपीट कोणाला परवडते?

आणखी एक राहिलं. खात्याच्या लोकांनी त्या संध्याकाळी तुझ्याकडून एका कागदावर सही घेतली होती ना, सुरक्षेच्या आराखड्यावर? त्याची प्रत कुठे आहे? दिली नव्हती की तू घेतली नाहीस? बघ, हे साहेब प्रत्येकाला सांगायचे: सही करायच्या आधी वाचायचं, समजलं नाही तर वकिलाला विचारते म्हणायचं, आणि केली तर प्रत हातात घेतल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. त्यात लिहिलेलं मात्र पाळलंच पाहिजे. मान्य केलेलं मोडलं की तेच नवं दुर्लक्ष ठरू शकतं. त्यात ‘मुलाला कधीही गाडीत एकटं ठेवणार नाही’ एवढंच आहे? मग ठीक. ते तर तसंही पाळायचंय.

आता पत्र लिहूया. लांबलचक नको. सासूबाई, टेक्सास, कढीपत्ता, यातलं काही नको. ते सगळं सुनावणीला. वर आजची तारीख. तुझं नाव, पत्ता, त्यांच्या पत्रावरचा केस नंबर. आकडा दोनदा तपास. मग एक वाक्य: अमुक तारखेच्या पत्रातला माझ्याविरुद्धचा निकाल मला मान्य नाही आणि मी त्यावर अपील करून सुनावणीची मागणी करते. दुसरं वाक्य: मला मराठी दुभाष्या लागेल. खाली सही. संपलं. वकील दोन दिवसांत मिळाला तर तो आपल्या भाषेत लिहील, छान. नाही मिळाला तर हेच जाईल. वकील शोधण्यात मुदत घालवायची नाही.

त्यांच्या पत्राच्या तळाशी अपील कुठे पाठवायचं तो पत्ता आहे, फॅक्स असेल तर फॅक्सही कर आणि पोचल्याचा कागद छापून ठेव. पण टपालाने पाठवायचंच. सर्टिफाइड मेल, पोचपावतीसकट. खिडकीतल्या माणसाला सांग, रिटर्न रिसीट हवी. तो एक हिरवं कार्ड भरायला देईल, त्यावर तुझा पत्ता नीट, वळणदार अक्षरात लिही. पलीकडे कोणी पत्र घेतलं की सही होऊन ते कार्ड तुझ्याकडे परत येतं. पोस्ट पाचला बंद होतं, आत्ता सव्वातीन झालेत. पोराला बरोबर घेऊन आत जा, रांगेत रडला तरी चालेल. आणि नवऱ्याला संध्याकाळी सांग, हे ग्रीन कार्ड आठवड्याभरात येतं म्हणावं.